इचलकरंजीच्या फेरीत राहिलेलं दुपटं : एक प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात दोन वर्षांसाठी राहायला आलेल्या एका इंग्लिश क्विल्टरबाईंचं (क्विल्ट म्हणजे तिकडची गोधडी) अर्धं शिवलेलं दुपटं पावसाळ्याच्या सुरुवातीला, कापडखरेदीच्या एका दिवसात, कुठंतरी राहून गेलं. चौथ्या दिवशी ते मिळालं. शोधाचा पहिला दीड दिवस चुकीच्या ठिकाणी गेला, आणि मिळाल्यावरही ते तसंच पुढं शिवायला घेता आलं नाही. हातशिवणीचं काम पिशवीत घालून फिरणाऱ्या कुणालाही या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतील, म्हणून सगळं तपशिलानं मांडलं आहे.

पिशवीत काय होतं

क्विल्टरबाईंचे यजमान शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कंत्राटावर आहेत. घर राजारामपुरीत, भाड्याचं. वरच्या मजल्यावर घरमालकीण मावशी राहतात आणि त्यांच्याकडून क्विल्टरबाई वाकळ, म्हणजे इकडची गोधडी, शिवायला शिकत होत्या. इंग्लंडमध्ये बहिणीला सप्टेंबरात बाळ व्हायचं होतं, त्याच्यासाठी हे दुपटं.

दुपटं ९० × ९० सेंटिमीटरचं. वरचा थर मावशींच्या जुन्या नऊवारी लुगड्याच्या ३६ चौकोनांचा. शिवून झाल्यावर चौकोन १५ सेंटिमीटरचा व्हायचा, म्हणून कापताना दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर शिवण धरून १६.२ सेंटिमीटर कापलेला. खालचा थर त्याच लुगड्याचा सलग तुकडा. मध्ये धुऊन धुऊन मऊ पडलेल्या धोतराचे तीन थर. पाची थर मिळून वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास.

शिवण वाकळीच्या रीतीची : आधी थर जागेवर धरायला वीतभर अंतरानं तात्पुरता कच्चा दोरा, मग काठापासून आत चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा. दोन फेऱ्यांत दीड सेंटिमीटर अंतर. एक टाका साधारण एक सेंटिमीटरचा, वर सहा मिलिमीटर दिसणारा आणि खाली चार. कडेपासून मध्यापर्यंत ४५ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ३० फेऱ्या. त्यातल्या ११ झाल्या होत्या. ऐकायला हे काम तिसऱ्या हिश्श्याइतकं वाटतं, पण बाहेरच्या फेऱ्या लांब असतात. अकरा फेऱ्यांनंतर मध्ये ५७ × ५७ सेंटिमीटरचा चौकोन उरतो. ८१०० चौरस सेंटिमीटरपैकी ३२४९. म्हणजे साठ टक्के काम झालेलं होतं. दोऱ्यात मोजायचं तर ५४ मीटर धावदोऱ्यापैकी ३२ मीटर, टाक्यांत मोजायचं तर तीन हजारांवर. अर्ध्या शिवलेल्या वाकळीची किंमत कळायची असेल तर फेऱ्या मोजू नयेत, उरलेला चौकोन मोजावा.

दुपट्याबरोबर पिशवीत होतं ते असं : नऊ नंबरच्या आखूड सुयांची सहाची पुडी, शिवणीतच टोचून ठेवलेली सातवी सुई, धातूचं अंगुस्तान, छोटी कात्री, सुती दोऱ्याची दोन रिळं, इंच टेप, आणि कागदी साच्यांवर टाचलेले काही षटकोनी तुकडे. हे षटकोन इंग्लंडच्या पद्धतीचे. कागदाचा षटकोन कापायचा, कापडाच्या कडा त्यावर दुमडून टाचायच्या, मग तुकडे कडेला कड लावून शिवायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचे. शिवाय एका पाकिटात पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स. पिशवी निळ्या मांजरपाटाची, बंद खांद्यावर अडकवण्याइतके लांब.

फेरीचा दिवस

दुपट्याच्या कडेला आमसुली पट्टी लावायची होती. पट्टी सहा सेंटिमीटर रुंद, दुहेरी दुमडून लावायची. चारी बाजू मिळून ३.६ मीटर, कोपरे आणि जोड धरून चार मीटर. ९० सेंटिमीटर पन्न्याच्या (रुंदीच्या) पॉपलीनमधून आडव्या पाच पट्ट्या काढल्या की काम होतं, त्याला ३० सेंटिमीटर कापड लागतं. अर्धा मीटर घेतला तरी उरतं. एवढ्याशा कापडासाठी इचलकरंजीला जायची गरज नव्हती. पण पुढच्या कामासाठी कटपीस हवे होते, आणि यंत्रमागाच्या त्या गावात ते किलोवर मिळतात.

सकाळी नऊच्या सुमारास मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीनं त्या निघाल्या. इचलकरंजी तीसएक किलोमीटर, हातकणंगले मार्गे तासाभराचा रस्ता. तिथं तीन ठिकाणं झाली. पहिलं पॉपलीनचं दुकान. तिथं दुपटं पिशवीतून काढून ताग्यांशेजारी ठेवलं, रंग ताडून पाहिला, फोटो काढला. नेमका आमसुली मिळाला नाही. दुसरं कटपीसचं गोदाम, जिथं ढिगातून तुकडे निवडून तराजूवर टाकायचे. अडीच किलो घेतले. तिसरं एक हॉटेल, मिसळीसाठी. दुपारी दोनच्या गाडीनं परत. कोल्हापुरात उतरून लगेच केएमटीनं, म्हणजे महापालिकेच्या बसनं, गांधीनगरला.

गांधीनगरचा थांबा त्यांनी आदल्या रात्री वाढवला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी कुटुंबं आली आणि आजची कापडपेठ उभी राहिली. क्विल्टरबाईंना ती जागा पाहायची होती. ओढ समजण्यासारखी आहे, पण या वाढीव थांब्यामुळं दोनची गाडी गाठायची घाई झाली, आणि गोदामातून निघताना जे एकदा मागं वळून पाहायचं असतं ते राहिलं.

गांधीनगरला एका दुकानात आमसुली म्हणून अर्धा मीटर पॉपलीन घेतलं. तिथून रिक्षानं घर. रात्री नऊ वाजता शिवायला बसताना निळी पिशवी नसल्याचं लक्षात आलं.

शोध कुठं भरकटला

क्विल्टरबाईंना पक्कं आठवत होतं की परतीच्या एसटीत खांद्यावर पिशवी होती आणि उतरताना त्यांनी ती सावरली होती. म्हणून शोध एसटीपासून सुरू झाला. त्या दिशेनं जे केलं ते रीतसर होतं, आणि एसटीत खरंच काही राहिलं तर असंच करायला हवं.

तिकीट जपून ठेवलेलं होतं. त्यावरून तारीख, वेळ आणि कुठून कुठं हे सांगता आलं. गाडी कोणत्या आगाराची हे मात्र वेगळं शोधावं लागतं. गाडीचा क्रमांक एमएच १४ नं सुरू होतो म्हणून ती पुण्याची ठरत नाही. महामंडळाच्या बऱ्याच गाड्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधलेल्या असतात आणि पासिंग तिकडचं असतं. आगाराचं नाव गाडीच्या अंगावर लिहिलेलं असतं, ते वाचायचं. सीमेलगतच्या या भागात कर्नाटकच्या गाड्याही लाल रंगाच्या असतात, तेव्हा 'लाल गाडी' ही खूण कामाची नाही.

फेरी संपल्यावर गाडीत राहिलेलं सामान पाहून ते जमा करणं हे कंडक्टरचं काम असतं. म्हणून प्रवासी उतरला त्या स्थानकाच्या वाहतूक नियंत्रकाकडं आधी विचारावं, आणि तिथं नसेल तर गाडी ज्या आगाराला मुक्कामी जाते तिथं. इथं दोन्हीकडं चौकशी झाली. कंडक्टर मास्तरांशीही बोलणं झालं. गाडीत काही नव्हतं. केएमटीकडं विचारलं, तिथंही नाही. यात दुसरा दिवस आणि तिसऱ्याची सकाळ गेली.

पहिल्या फोनांत आणखी एक उणीव होती. वर्णन एवढंच दिलं होतं : निळी कापडी पिशवी, आत शिवणकाम. इचलकरंजीच्या रस्त्यावर रोज अशा किती पिशव्या जात असतील! हरवलेल्या वस्तूची एखादी खूण लपवून ठेवावी, म्हणजे खोटा दावेदार ओळखता येतो, असा एक सल्ला नेहमी दिला जातो. दागिना किंवा मोबाइल असेल तर तो बरोबर आहे. अर्धवट दुपट्यावर खोटा हक्क सांगायला कुणी येत नाही. इथं धोका वेगळा असतो : ज्याच्यासमोर वस्तू पडली आहे त्याला ती कुणाच्या तरी कामाची आहे हेच कळत नाही. म्हणून सगळं सांगून टाकावं. माप, रंग, मध्ये पांढरे कच्चे टाके, कोपऱ्यात सुई, आणि सोबत फोटो.

खांद्यावर कुठली पिशवी होती

गाठ सोडवली ती मावशींनी. त्यांनी सरळ विचारलं, "पिशवी खांद्यावर होती म्हणतीस, पण कुठली गं पिशवी?"

कटपीसच्या गोदामात तुकडे घालून द्यायला एक कापडी पिशवीच मिळाली होती, लांब बंदांची. जाताना खांद्यावर निळी पिशवी, वजन आठशे-नऊशे ग्रॅम. येताना खांद्यावर कटपीसची, अडीच किलोची. खांद्याला ओझं होतं, बंदाला हात जात होता, उतरताना ती सावरली गेली. आठवण खरी होती, पिशवी दुसरी होती. मोकळ्या हातानं निघालेला माणूस काही विसरला तर पन्नास पावलांत थबकतो. नवं ओझं घेऊन निघालेल्याला ती उणीव जाणवत नाही. कापडखरेदीला जाऊन शिवणकाम विसरण्याच्या प्रकारांत हे कारण वारंवार दिसतं.

मग फोनमधले फोटो वेळेसकट समोर ठेवले. सकाळी ११.०५ च्या फोटोत पॉपलीनच्या ताग्याशेजारी दुपटं आहे. गांधीनगरच्या दुकानातल्या दुपारी सव्वाचारच्या फोटोत नुसता तागा आहे. तिथं रंग कशाशी ताडला, असं विचारल्यावर उत्तर आलं की दुपटं पिशवीच्या तळाशी होतं, म्हणून सकाळचा फोटो पाहूनच रंग ठरवला. खरं म्हणजे पिशवी तेव्हाच जवळ नव्हती. त्या पॉपलीननंही तीच साक्ष दिली. घरी उजेडात पाहिलं तर ते आमसुलीपेक्षा डाळिंबीकडं झुकलेलं निघालं. ट्यूबलाइटखाली, फोनच्या पडद्यावरचा रंग बघून घेतलेलं कापड असंच फसवतं.

म्हणजे पिशवी ११.०५ ते दुपारी २ यांच्या दरम्यान इचलकरंजीतच सुटली होती. शिवणाऱ्या बाईच्या हातातून पिशवी कधी सुटते, याचा विचार केला की तीन जागांतली एक वेगळी दिसू लागते. हॉटेलात ती मांडीवर किंवा शेजारच्या खुर्चीवर असते आणि उठताना दिसते. पॉपलीनच्या दुकानात तागे दुकानदार उघडतो, गिऱ्हाईक नुसतं बोट लावतं. कटपीसच्या ढिगात मात्र दोन्ही हात कोपरापर्यंत घालावे लागतात. पिशवी खाली ठेवावीच लागते, आणि ती ठेवली जाते कापडाच्याच ढिगावर. शोधताना शेवटच्या ठिकाणापासून मागं येण्यापेक्षा, दोन्ही हात जिथं गुंतले होते त्या ठिकाणापासून सुरुवात करावी. इथं तसं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा मिनिटांत, पिशवी लागली असती.

हे कळल्यावर घाई आणखी वाढली. अशा गोदामात तुकड्यांची निवड रोज चालते : पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, होजिअरी वेगळी. मोठे तुकडे शिवणाऱ्यांना जातात. उरलेल्या चिंध्या पोत्यांत भरून यंत्रं पुसायला कारखान्यांना आणि गॅरेजांना जातात. तुकडे जोडून केलेलं, अर्धं सुटं, पांढरे टाके लोंबणारं दुपटं अशा ढिगात कुणाला वेगळं दिसणार? एसटीत राहिलं असतं तर ते आठवडाभर तसंच पडून राहिलं असतं. इथं पोतं उचलेपर्यंतच मुदत होती.

गोदामाला पाटी नव्हती आणि पावती म्हणजे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेला आकडा. फोन नंबर कुठून मिळणार? पॉपलीनच्या दुकानात काही घेतलं नव्हतं, म्हणून त्याचं बिलही नव्हतं. पण फोटोत ताग्यामागं भिंतीवर दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि मोठं करून पाहिल्यावर त्यावरचा नंबर वाचता आला. मावशींनी तिथं फोन केला, दुपट्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि गल्लीच्या टोकाच्या गोदामात दाखवायला सांगितलं. दुकानदारानं पोरगा पाठवला. अर्ध्या तासात गोदामवाल्यांचाच फोन आला.

"ताई, दुपटं हाय. रंगीत पोत्यात गेलतं. पिशवी खिळ्याला अडकवून ठेवलीया. पर त्यात सुई हाय, पोराच्या हाताला लागली. लौकर न्या."

चौथ्या दिवशी सकाळी मावशी आणि क्विल्टरबाई जाऊन घेऊन आल्या. ज्या मुलाच्या हाताला सुई लागली होती त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं आणि त्याचे पैसे दिले. हे करायलाच हवं. गंजलेली सुई दुसऱ्याच्या कामाच्या जागी आपण ठेवून आलेलो असतो.

कागदांचं काय

पाकिटातली झेरॉक्स जागेवर होती. ती गेली असती तरी धावपळीची गोष्ट नव्हती. मूळ पासपोर्ट पिशवीत असता तर चित्र पालटलं असतं. जिथं हरवला तिथल्या पोलीस ठाण्यात लेखी नोंद, मग ब्रिटिश सरकारकडं नव्या पासपोर्टसाठी किंवा तातडीच्या प्रवासपत्रासाठी अर्ज, आणि त्यानंतर ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर व्हिसासंबंधीचा अर्ज. तातडीच्या कागदावर देश सोडायचा तर निघण्याची परवानगीही लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला साधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि कोल्हापुरासारख्या जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असतं. त्या नोंदणीचा कागद आणि मूळ पासपोर्ट घरी कुलपात. दिवसाच्या फेरीला झेरॉक्स पुरते, आणि तीही शिवणाच्या पिशवीत न ठेवता पर्समध्ये.

परत आलेलं दुपटं

इथं बहुतेक जणी चुकतात. वस्तू मिळाल्याच्या आनंदात त्याच संध्याकाळी सुई ओवून बाराव्या फेरीला सुरुवात होते. दोन दिवस पोत्यात दाबलेलं, कोपऱ्याला धरून ओढलेलं अर्धवट काम पुढं न्यायचं असेल तर आधी तपासावं लागतं, आणि त्याचा क्रम ठरलेला आहे.

सगळ्यात आधी सुया. बाळाचं दुपटं आहे, यात सवलत नाही. पुडीत सहा आणि शिवणीत एक अशा सात हव्या होत्या, सहाच मिळाल्या. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन दुपट्यावरून दोन्ही बाजूंनी, दोन-दोन बोटांच्या पट्ट्यांत, सावकाश फिरवलं. मग चार पदरी घडी करून तळव्यानं दाबत पाहिलं, घडी बदलून पुन्हा. सातवी सुई निळ्या पिशवीच्या तळच्या शिवणीत अडकलेली सापडली. ती सापडली नसती तर मधला सगळा कच्चा दोरा उसवून पाची थर उलगडून पाहायला हवे होते. सुयांचा हिशेब लागत नसेल तर ते दुपटं बाळाला देऊ नये.

दुसरं, धुवायचं नाही. पोत्यातून आलेलं कापड पाहून हात साबणाकडं जातो, पण मधला ५७ सेंटिमीटरचा भाग अजून सुटा आहे. पाण्यात पाची थर आपापल्या परीनं ओढ घेतात, पिळताना एकमेकांवर सरकतात, आणि वाळल्यावर आत जी सुरकुती बसते ती कितीही इस्त्री केली तरी निघत नाही. धुणं शेवटच्या फेरीनंतर.

तिसरं, मापं. दुपटं फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली. अकराव्या फेरीच्या एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत इंच टेप कापडाला चिकटवून नेली. खालच्या थरावर ५७ सेंटिमीटर भरले, वरच्या थरावर ५८.२. बारा मिलिमीटरचा झोळ. कच्चा दोरा दोन बाजूंनी तुटला होता आणि ढिगातून ओढताना वरच्या चौकोनांनी ताण खाल्ला होता. जुनं लुगडं मऊ असतं, पण तिरप्या ताणाला लगेच हार मानतं. खालचा सलग तुकडा कमी ताणला जातो, म्हणून दोन थरांत फरक पडतो.

बारा मिलिमीटर तसेच ठेवून शिवलं तर काय होतं? वाकळीत शिवण कडेकडून आत येते आणि प्रत्येक फेरी उरलेला झोळ आत ढकलत नेते. शेवटी मध्यावर फुगा येतो आणि तो दाबायला चुणी घालावी लागते. इंग्लंडच्या क्विल्टमध्ये याच्या उलट, मध्यापासून बाहेर शिवत जातात, म्हणजे झोळ कडेला निघून जातो. क्विल्टरबाईंचा पहिला विचार तोच होता : आता मध्यातून सुरुवात करू. या टप्प्यावर ते चालत नाही. अकरा फेऱ्यांची चौकट चारी बाजूंनी बंद झालेली आहे. मध्यातून निघालेला झोळ त्या चौकटीपाशी अडणार आणि तिथं कायमची चुणी बसणार. दोन्ही पद्धती आपापल्या जागी उत्तम आहेत, पण एक अर्ध्यावर सोडून दुसरी धरता येत नाही.

उपाय असा केला. तुटलेला आणि शाबूत असा सगळा कच्चा दोरा काढून टाकला. वरच्या थरावर हातानं पाणी शिंपडलं, ओलसर होईल इतपतच, आणि कोमट इस्त्री वरून दाबून उचलत, न घासता, फिरवली. ताणलेलं सुती कापड ओलाव्यानं आणि उष्णतेनं बऱ्यापैकी आपल्या जागी येतं. रात्रभर सपाट ठेवून सकाळी मोजलं तर ५७.५ सेंटिमीटर. उरले पाच मिलिमीटर. एवढा फरक शिवणीत मुरवता येतो.

मग नवा कच्चा दोरा, आता वीतभर अंतराऐवजी चार बोटांवर. आधी मध्यावर उभी आणि आडवी अशी एक-एक ओळ. त्यानं चौकोनाचे चार भाग पडले आणि पाच मिलिमीटर चार ठिकाणी वाटले गेले. नंतर प्रत्येक भागात, बंद चौकटीकडून मध्याकडं हात फिरवत बाकीच्या ओळी. एका दिशेनं हात फिरवत शेवटपर्यंत गेलं तर सगळा झोळ एकाच कोपऱ्यात साठतो.

फेऱ्यांचं अंतरही बदललं. बाराव्यापासून पंधराव्या फेरीपर्यंत पूर्वीचंच दीड सेंटिमीटर ठेवलं, म्हणजे बदल डोळ्यांत भरत नाही. पंधराव्या फेरीनंतर मध्ये ४५ × ४५ चा चौकोन उरला. तिथून अंतर सव्वा सेंटिमीटर. जवळजवळच्या धावदोऱ्यानं कापड किंचित गोळा होतं आणि जास्तीचं कापड त्यातच मुरतं. त्या चौकोनात दीडच्या हिशेबानं १५ फेऱ्या आल्या असत्या, सव्वाच्या हिशेबानं १८ आल्या. एकूण ३० ऐवजी ३३, आणि धावदोरा २.७ मीटर जास्त. दोऱ्यासाठी धावदोऱ्याच्या सव्वापट धरावं, कारण पाच थरांतून वरखाली जाताना तो खर्च होतो. दुहेरी दोरा असेल तर त्याच्या दुप्पट.

चौथं, गंज. पावसाळी हवेत शिवणीत टोचून राहिलेल्या सुईनं खालच्या थरावर तांदळाएवढा डाग पाडला होता. लिंबाचा रस आणि मीठ हा घरचा उपाय चालतो, पण रंगीत लुगड्यावर थेट लावू नये. आधी आत दुमडल्या जाणाऱ्या कडेवर थेंबभर लावून रंग जातो का ते पाहिलं. मग डागावर कापसानं टिपलं, वीस मिनिटं ठेवलं, ओल्या फडक्यानं तीन-चारदा पुसून काढलं. डाग फिका झाला, गेला नाही. उरलेल्या खुणेवर मावशींनी त्याच लुगड्याचं चार सेंटिमीटरचं ठिगळ घातलं. वाकळीत ठिगळ ही दुरुस्तीची हक्काची जागा आहे, त्यात कमीपणा नाही. डाग घालवण्यासाठी कापड झिजवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

शेवटची फेरी आणि कडेची पट्टी झाल्यावर दुपटं रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलं, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढलं, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबलं आणि खाटेवर आडवं पसरून सावलीत वाळवलं. दांडीवर टाकलं असतं तर पाच थरांच्या पाण्याच्या वजनानं ते पुन्हा ताणलं गेलं असतं.

पुढच्या फेऱ्यांसाठी काय बदललं

सगळ्यात उपयोगाचा बदल म्हणजे रंग जुळवायला काम सोबत न्यायचंच नाही. प्रत्येक लुगड्याचा पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून एका जाड कागदावर टाचला, मागं कुठल्या कामाचा ते लिहिलं, आणि तो कागद पर्समध्ये ठेवला. कापड दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, या तुकड्याला लावून पाहायचं. खरा आमसुली पॉपलीन असाच मिळाला, लक्ष्मीपुरीत, घरापासून दहा मिनिटांवर.

काम सोबत न्यावंच लागलं तर सुई शिवणीत ठेवायची नाही. जाड लोकरी कापडाच्या तुकड्यावर सगळ्या सुया मोजून टोचायच्या आणि प्रत्येकीत वीतभर लाल दोरा ओवून ठेवायचा. सुई पडली तरी दोरा दिसतो.

खरेदीची पिशवी आणि कामाची पिशवी वेगळ्या ठेवण्यापेक्षा एकच मोठी पिशवी न्यावी आणि कटपीस कामाच्या वर भरावेत. वेगवेगळ्या पिशव्या नीटनेटक्या वाटतात, पण अदलाबदल त्यांचीच होते. आणि दुकानदारानं दिलेली पिशवी घ्यायची असेल तर आपली आधी खांद्यावर चढवून मगच ती हातात घ्यावी.

पिशवीच्या आत आणि दुपट्याच्या खालच्या कोपऱ्यात आता एकेक पांढरी पट्टी शिवलेली आहे. धुण्यात न जाणाऱ्या पेननं त्यावर मराठीत लिहिलंय : 'हे शिवायचं काम आहे, चिंधी नाही. सापडल्यास फोन करावा', आणि खाली मावशींचा नंबर. आधी क्विल्टरबाईंचा इंग्लंडचा नंबर लिहायचा विचार होता. गोदामातला माणूस परदेशी नंबर लावणार नाही, आणि लावला तरी पलीकडं इंग्रजी ऐकून ठेवून देईल. सापडलेली वस्तू परत करायची त्याची इच्छा असतेच, त्याला फक्त एका फोनची सोय करून द्यायची. बाळाकडं पाठवताना दुपट्यावरची पट्टी उसवायची आहे, म्हणून ती चारच टाक्यांवर धरली आहे.